दर पावसाळ्यात लेआउटवर पांढरं चढतं: कोकणातल्या मॉडेल रेल्वेच्या देखाव्याचं समस्यानिवारण

लेआउट म्हणजे फळीवर रूळ आणि डोंगर-दऱ्या मांडून केलेला मॉडेल रेल्वेचा देखावा. त्याची पावसाळ्यातली लक्षणं ठरलेली आहेत. मृगाचा पाऊस धरला की पंधरवड्यात कटिंगच्या (रुळांसाठी कापलेल्या डोंगराच्या) पायथ्याशी पांढरे ठिपके दिसतात. आषाढात खडीवर दुधाळ पट्टा येतो, बोगद्याच्या तोंडातून कुबट वास सुटतो आणि भुशाचं गवत हाताला ओलसर लागतं. गणपतीच्या आधी सगळं पुसून, वरून हिरवा हात मारून वेळ निभावली जाते. दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की डोंगराला चिरा जातात. त्या भरल्या जातात, आणि पुढच्या मृगाला पुन्हा पहिल्यापासून.

या चक्रात बहुतेकांचा उपाय एकाच जागी चुकतो. पांढरं दिसलं की ती बुरशीच, असं धरून त्यावर काहीतरी फवारलं जातं. लेआउटवर पांढऱ्या दिसणाऱ्या गोष्टी तीन आहेत, आणि त्यातल्या दोन फवारणीने वाढतात.

खाली दिलेली मापं एचओ या मॉडेलच्या प्रमाणाची (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७वा भाग) धरून आहेत. एन (१:१६०) साठी निम्म्याहून किंचित जास्त धरा.

आधी पांढरं कसलं ते ओळखा

दहा पटीचं भिंग आणि टॉर्च घ्या. टॉर्च वरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. तंतू उभे दिसले, फुंकर मारल्यावर हलले, आणि कापसाच्या बोळ्याने पुसल्यावर हिरवट-करडा डाग आला तर ती बुरशी. ती बहुधा एका जागी गोल गोल पसरलेली असते: भुसा, पुठ्ठा, कागदाचा लगदा, वाळलेली काडी, म्हणजे जिथे तिला खायला मिळतं तिथे.

तंतू नाहीत, कण चकाकतात, आणि ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाकल्यावर पांढरं नाहीसं होतं पण थेंब सुकल्यावर कडेला वर्तुळ करून परत येतं, तर तो लोणा. म्हणजे क्षार. जुन्या भिंतीला फुटतो तोच. याला बुरशीचं औषध मारलं तर त्यातलं पाणी आतले क्षार आणखी वर आणतं.

तिसरं पांढरं म्हणजे कणही नाहीत, तंतूही नाहीत, नुसता दुधाळ पापुद्रा. तो खडीवर आणि रस्त्याच्या कडेला येतो. नख लावलं तर मऊ लागतो. केसांच्या ड्रायरची कोमट हवा दोन-तीन मिनिटं दिली की पुन्हा पारदर्शक होतो. हे फेविकॉल आहे. साधा पांढरा गोंद सुकल्यावरही हवेतली ओल शोषतो आणि दुधाळ पडतो. ड्रायर लांबून आणि कमी उष्णतेवर धरा. खाली थर्माकोल असेल तर जवळून दिलेली गरम हवा त्याला खड्डा पाडते.

ही तपासणी लेआउटवर निदान पाच-सहा ठिकाणी करा, कारण एकाच लेआउटवर तिन्ही प्रकार नांदत असतात. समुद्रकिनारा आणि खाडी दाखवलेल्या भागात लोणा, यार्डात गोंद, डोंगरात बुरशी, अशी वाटणी सहसा दिसते.

ओल येते कुठून

गळणारं कौल, भिंतीला पाझर, हे दिसतं म्हणून त्यावर सगळा राग निघतो. पण छप्पर ठणठणीत असलं तरी जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरची हवा २८ अंशांना ८५ ते ९५ टक्के आर्द्रतेची असते. पृष्ठभागाजवळची आर्द्रता साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या खाली ठेवली तर बहुतेक बुरशी वाढत नाही. ८० च्या वर गेली की झपाट्याने पसरते. म्हणजे पावसाळ्यात घरातली हवाच पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट साठ्याची. १.२ मीटर बाय ६० सेंटीमीटरचा, १२ मिलिमीटर प्लायचा बेसबोर्ड, म्हणजे लेआउटखालची फळी, पाच किलोच्या आसपास भरतो. उन्हाळ्यापासून आषाढापर्यंत त्यातला ओलावा सहा टक्क्यांनी जरी वाढला तरी नुसत्या प्लायमध्ये ३०० ग्रॅम पाणी शिरलेलं असतं. त्यावर अर्ध्या मीटर उंचीची पेटी घातली तर पेटीतल्या हवेत मात्र नऊ-दहा ग्रॅमच पाणी मावतं. सिलिका जेलच्या चार पुड्या पेटीत टाकून फरक पडत नाही तो यामुळेच. पुड्या हवा कोरडी करतात आणि प्लाय तिला पुन्हा ओली करतं.

उंच पुलाचा देखावा असेल तर आणखी एक अडचण. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. एचओमध्ये तो ७४ सेंटीमीटर होतो, एनमध्ये ४० सेंटीमीटर. खरी उंची दाखवायची तर दरीचा तळ घराच्या फरशीजवळ जातो. फरशीलगतची हवा थंड आणि जास्त ओली असते, म्हणून पुलाचे खांब तळाशी आधी काळे पडतात. दरीचा तळ फरशीपासून निदान ३० सेंटीमीटर वर ठेवा. उंची कमी पडली तर खांब थोडे छाटलेले परवडले.

आत्ता पावसात करायचं ते

बुरशीच असेल तर पुढच्या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा आहे.

कंट्रोलर बंद करा, प्लग काढा. नाकाला मास्क लावा. कोरडा ब्रश फिरवू नका. बीजाणू उडून आजपर्यंत स्वच्छ असलेल्या कोपऱ्यात बसतात आणि तुमच्या छातीतही जातात. आधी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधांच्या दुकानात मिळतं ते, बारीक फवाऱ्याने हलकेच ओलं होईल इतकं मारा. दहा मिनिटं राहू द्या. मग मऊ ब्रशने सैल झालेलं व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीकडे लोटा. नळीच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा म्हणजे झाडं आणि माणसं आत जात नाहीत. पुन्हा एकदा हलका फवारा.

अल्कोहोल पेट घेतं. खिडकी उघडी, निरांजन-उदबत्ती दुसऱ्या खोलीत, आणि वास जाईपर्यंत लेआउटखालचा दिवासुद्धा लावायचा नाही. काही ॲक्रिलिक रंग आणि रंगवलेला स्पंज याने सुटतात, म्हणून आधी मागच्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर करून बघा.

अल्कोहोलने आत्ताची बुरशी मरते, पण पुढच्या आठवड्यात येणारी थांबत नाही. त्यासाठी बोरिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम पूर्ण विरघळवा, गाळा, आणि देखावा पूर्ण सुकल्यावर धुक्यासारखा फवारा. रूळ आधी मास्किंग टेपने झाका. कॅरम पावडर म्हणून जी मिळते ती बऱ्याचदा बोरिक ॲसिडच असते, पण पाकिटावर तसं लिहिलेलं बघूनच घ्या. काही पावडरी स्टार्चच्या असतात, आणि स्टार्च फवारणं म्हणजे बुरशीला जेवण वाढणं. जास्त मारलंत तर बोरिक ॲसिडचेच पांढरे कण दिसतील, आणि मग भिंग घेऊन बसाल. ते पोटात जाता कामा नये. लहान मुलं, मांजर असेल त्या घरात लेआउट झाकून ठेवा.

बोरिक ॲसिडऐवजी टाकणखार चालेल का, असं विचारलं जातं. सुकलेल्या देखाव्यावर चालेल. पण तो फेविकॉलच्या पाण्यात मिसळू नका, गोंदाचा रबरासारखा गोळा होतो आणि खडीत मुरतच नाही. व्हिनेगर आणि ब्लीच दोन्ही टाळा. ब्लीचने हिरवा रंग उडतो, रूळ आणि पॉइंटचे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याचे) संपर्क काळे पडतात, आणि मागे राहिलेला क्षार पुन्हा ओल ओढतो.

लोणा असेल तर पावसात काहीच फवारू नका. कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्यूमने घ्या आणि खरा इलाज हिवाळ्यावर टाका. दुधाळ गोंदालाही तेच लागू. आता त्यावर वार्निश मारलं तर ओल आत कोंडते.

वाळूचं पाप

किनाऱ्यावर राहणाऱ्याला वाळू फुकट असते, त्यामुळे लोण्याचं मूळ बहुतेक वेळा वाळूतच सापडतं. मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. न धुतलेली वाळू चिकटवली की जूनमध्ये ती भिजते, क्षार पसरतात, नोव्हेंबरमध्ये सुकतात आणि वर येऊन बसतात. शेजारी लोखंडी रूळ किंवा खिळे असतील तर गंजही तिथूनच सुरू होतो.

धुण्याची रीत: बादलीत वाळूच्या तिप्पट पाणी, ढवळा, ओता. असं पाच वेळा. शेवटचं पाणी आरओचं किंवा बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. त्या शेवटच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून सुकवा. पांढरं वर्तुळ उमटलं तर अजून धुवायची आहे. विहिरीच्या पाण्याने ही परीक्षा घेऊ नका, खाडीजवळच्या विहिरीचं पाणी स्वतःच वर्तुळ सोडतं. मग वाळू जुन्या तव्यावर दहा मिनिटं परता, थंड करा, चहाच्या गाळणीतून चाळा. शंखशिंपल्यांचे तुकडे वेचून काढा. एचओमध्ये अर्धा सेंटीमीटरचा शिंपला प्रवाशाच्या डोक्यापेक्षा मोठा दिसतो.

आता महत्त्वाचं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. मॅग्नेटाइट चुंबकाला धावून चिकटतं, आणि लोकोच्या मोटरमध्ये चुंबकच आहे. एखादा सैल कण रुळावर आला की तो गिअरपेटीतून मोटरच्या फटीत जाऊन बसतो. लोको करकरते, गरम होते, आणि दोष डीकोडरला (लोकोतल्या नियंत्रण-चिपला) दिला जातो. जोराचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा, पिशवी उलटी करून चिकटलेलं झटका. काही चिकटेनासं होईपर्यंत करत राहा. जांभ्याच्या पुडीलाही हीच परीक्षा द्या, तिच्यातही कधीकधी चुंबकाला लागणारे कण असतात. काढलेली काळी वाळू फेकू नका. रुळापासून लांब, पुळणीवर ओहोटीची काळी रेघ दाखवायला ती पक्क्या वार्निशखाली छान दिसते.

जांभ्याचं कटिंग: सर्वांत जास्त बुरशी इथेच

कारण कटिंग सर्वांत जाड बनवलं जातं. वर्तमानपत्राचा लगदा, मैद्याची खळ, त्यावर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून, त्यावर भुसा. लगदा, खळ, सूत, भुसा ही चारही बुरशीची आवडती खाद्यं, आणि प्लास्टर त्यांना ओल पुरवतं. असं कटिंग वरून कितीही वेळा पुसलं तरी आतून येत राहणार. बोटाने ठोकून बघा. भद् आवाज आला, किंवा मागच्या बाजूने टोचा घातल्यावर ओला लगदा लागला, तर दुरुस्ती सोडा आणि ते काढा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण दोन पावसाळे त्याच्यावर फवारे मारण्यात जातात आणि शेवटी काढावंच लागतं.

नवं कटिंग एक्सपीएस बोर्डाचं करा, म्हणजे निळा किंवा गुलाबी इन्सुलेशन बोर्ड. त्याची रचना बंद पेशींची असल्यामुळे पाणी जवळजवळ शिरत नाही. फ्रिजच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल चालतं, पण त्याच्या दाण्यांमधल्या फटीत ओल राहते आणि कापताना दाणे घरभर होतात. २५ मिलिमीटरचे थर एकावर एक लावा. आठ मीटरचं कटिंग एचओमध्ये नऊ सेंटीमीटर उंच होतं, म्हणजे चार थर.

इथे दुसरी नेहमीची तक्रार येते: "डोंगर हलतो, थर सरकतात." दोन फोमच्या मध्ये फेविकॉल सुकतच नाही, कारण त्यातलं पाणी बाहेर जायला दोन्हीकडे वाट नसते. कडेचा एक सेंटीमीटर सुकतो, आत महिनाभर ओलं राहतं, आणि पावसाळ्यात कडेचाही सुटतो. रबर सोल्यूशन लावलं तर ते फोमच विरघळवतं. स्प्रे पेंटही तसंच. नळीतून मिळणारं पाण्याचं ॲक्रिलिक सीलंट रेघांमध्ये, पाच सेंटीमीटरच्या अंतराने लावा, रेघांच्या मधून हवा खेळू द्या, आणि थर उदबत्तीच्या काड्यांनी तिरपे टोचून धरून ठेवा. चोवीस तास वर वजन.

कोरताना जांभा कसा असतो ते बघून कोरा. वर सड्याचा (उघड्या कातळ-पठाराचा) कठीण, भोकाभोकांचा थर. त्याखाली मऊ, पिवळट-जांभळट-पांढरट चिकणमाती. खोल कटिंग असेल तर तळाशी काळा दगड. सगळं कटिंग वरून खालपर्यंत एकच लाल केलं की ते विटांच्या भट्टीचं वाटतं. भोकांच्या बाबतीत हमखास अतिरेक होतो. जांभ्यातलं दोन सेंटीमीटरचं भोक एचओमध्ये पाव मिलिमीटरपेक्षाही लहान. टूथपिकने पाडलेलं भोक म्हणजे जवळजवळ वीतभर रुंदीची ढोली. पितळी तारेचा ब्रश थोपटत न्या, ओढू नका. एवढ्याने पोत येतो. चिऱ्यांची संरक्षक भिंत असेल तर ४० बाय २० सेंटीमीटरचा चिरा साडेचार बाय सव्वादोन मिलिमीटर होतो. ओळी बोथट सुरीने दाबून उमटवा, कापू नका.

वरचा थर पातळ ठेवा. व्हाइट सिमेंटची वॉल पुट्टी दीड ते दोन मिलिमीटर, दहीसारखी करून ब्रशने. ती अल्कधर्मी असल्याने तिच्यावर बुरशी उशिरा धरते, आणि प्लास्टरइतकी ती पाणी पीत नाही. मजबुतीला कापड हवंच असेल तर नायलॉनची जुनी मच्छरदाणी किंवा फायबरग्लासची जाळी. मच्छरदाणीचा उरलेला तुकडा टाकू नका, दरडी अडवायला कोकण रेल्वेने कटिंगवर ज्या जाळ्या ठोकल्या आहेत त्या त्यातूनच होतात. करड्या रंगात बुडवून, सुकवून, वरच्या कडेला पिनांनी अडकवा आणि खाली थोडी सैल सोडा.

रंग: गेरू आणि पिवळी माती स्वस्त आणि खनिज, बुरशीला निरुपयोगी. पण ती खळीत किंवा डिंकात कालवू नका, मॅट ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवा. ताजा जांभा करायला गेरू दोन, पिवळी माती एक, पांढरा अर्धा भाग. सुकल्यावर काळा आणि गडद हिरवा समान घेऊन वीसपट पाण्यात, वरून खाली उभे ओघळ सोडा. उघडा जांभा दोन-तीन पावसाळ्यांत काळवंडतो, त्यामुळे जुन्या कटिंगला ओघळ भरपूर, नव्या कटिंगला जवळजवळ नाहीत. गंमत अशी की हा खोटा काळेपणा नीट जमला तर खरी बुरशी आलेली कळत नाही. म्हणून भिंगाची तपासणी दर पंधरा दिवसांनी.

प्लास्टर वापरायचंच असेल तर

नोव्हेंबर ते मे. पावसात उघडलेल्या पोत्यातलं प्लास्टर हवेतलं पाणी पिऊन अर्धवट मुरलेलं असतं. ते तीन-चार मिनिटांतच घट्ट होतं, गुठळ्या राहतात आणि नंतर नखाने पूड निघते. वजनाने १०० भाग प्लास्टरला ६० ते ७० भाग पाणी घेऊन चमचाभर मिश्रण वाटीत करून बघा. दहा मिनिटांच्या आत दगड झालं, किंवा तासाभरानेही चिकटच राहिलं, तर पोतं बाद. पेणसारख्या ठिकाणी, जिथे मूर्तीच्या कारखान्यांत माल सतत खपतो, तिथून ताजं मिळतं.

घट्ट होणं आणि सुकणं यांत गल्लत होते. अर्ध्या तासात घट्ट झालेलं एक सेंटीमीटर प्लास्टर कोरड्या हवेतही सुकायला आठवडा-दोन आठवडे घेतं. हाताची मागची बाजू लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. रंग नंतर. ओल्या प्लास्टरवर मारलेला रंग वरून पापुद्रा धरतो आणि पावसात त्याच्याखाली फोड येतात.

खडी आणि हिरवळ

खडी बसवताना फेविकॉल, पाणी आणि भांड्याचं लिक्विड असं मिश्रण सगळे वापरतात. लिक्विड थेंब-थेंब घालायच्या ऐवजी चमचाभर घातलं जातं, आणि ते सुकल्यावरही ओल धरून चिकट राहतं. इथे लिक्विड वगळा. आधी पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समान भाग फवारून खडी ओली करा, मग एक भाग वॉटरप्रूफ प्रतीचा गोंद, तीन भाग डिस्टिल्ड पाणी, ड्रॉपरने स्लीपरच्या मधोमध. पॉइंटच्या हलत्या पट्ट्यांपासून दोन सेंटीमीटर दूर. मिश्रण त्या दिवशीचं त्या दिवशी संपवा. पातळ केलेल्या गोंदातलं टिकाऊपणाचं औषधही पातळ झालेलं असतं, बाटलीत ठेवलं तर तेच नासतं.

दुधाळ झालेल्या जुन्या खडीवर हिवाळ्यात, पूर्ण पारदर्शक झाल्यावर, मॅट ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात पुरतात. उखडायची गरज नाही.

भुसा सोडून द्या. त्याच्याऐवजी जुन्या उशीचा फोम पाण्यात बुडवून मिक्सरमध्ये फिरवा, पिळा, ॲक्रिलिक रंगात कालवा, उन्हात वाळवा. उंच गवताला काथ्या उत्तम, तो सहज कुजत नाही, पण खाऱ्या पाण्यात कुजवलेला असेल तर वाळूसारखाच धुऊन घ्या. माडाच्या खोडाला हिराची काडी चालते. १५ मीटरचा माड १७ सेंटीमीटर. आंबा-काजूला तुळशीच्या मंजिऱ्यांचा सांगाडा सुरेख होतो, फक्त तो आधी बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून, वाळवून मग वार्निश केलेला हवा, नाहीतर बुरशीआधी कसर आणि मुंग्या येतात.

झाकणं: अर्धवट उपाय सर्वांत वाईट

वरून टाकलेला प्लास्टिकचा कागद काढा. तो ओल आत धरतो आणि रात्री गार पडल्यावर त्याच्या आतून थेंब ठिबकतात. एकतर लेआउट उघडं ठेवून त्यावर पंखा फिरता ठेवा, किंवा नीट बंद पेटी करून आत उष्णता द्या. पेटीच चांगली.

२८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली की तीच हवा ७१-७२ टक्क्यांवर येते. चार अंशांचंच काम आहे. पेटीच्या खालच्या भागात, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एलईडी तापत नाही, तो उपयोगाचा नाही. फोमपासून ३० सेंटीमीटर लांब, वेगळा स्विच, आणि आतलं तापमान ४० च्या वर जाऊ द्यायचं नाही. घरी कोणी नसताना बंद. वादळी पावसात लाईट दिवसदिवस जाते, तेव्हासाठी एक किलो सिलिका जेल जाळीच्या पिशवीत. साधारण पाव किलो पाणी घेऊन ते थकतं. ११० ते १२० अंशांना ओव्हनमध्ये दोन तास ठेवून पुन्हा कोरडं करा. निळं जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या.

आर्द्रतामापक लागेलच, आणि स्वस्त मापक पाच-दहा टक्क्यांनी चुकतो. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन पाण्याच्या चार थेंबांनी ओलसर करा, मापकासह झिपच्या पिशवीत आठ तास ठेवा. ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक असेल तेवढा लक्षात ठेवा.

गणपतीत लेआउट पाहुण्यांसाठी उघडं पडतं, पाच-सात दिवस ओली हवा, धूप आणि कापराची काजळी. विसर्जनानंतर आधी रूळ अल्कोहोलने पुसा, मग पेटी बंद करून दोन दिवस बल्ब.

दिवाळीनंतरच्या चिरा

प्लाय आकसतं, फोम आकसत नाही. दोघांच्या सांध्यावर चीर जाणारच. ती प्लास्टरने भरली तर पुढच्या वर्षी शेजारी नवी जाते. ॲक्रिलिक सीलंटने भरा, ते ताणलं जातं आणि त्यावर रंग बसतो. त्याहून बरं म्हणजे सांधा जिथे आहे तिथे दोन-तीन मिलिमीटरची फट मुद्दाम सोडून तिच्यावर एका बाजूलाच चिकटवलेला गडगा (रचलेल्या दगडांची बुटकी भिंत) किंवा पाखाडीची (दगडी पायवाटेची) कड आणणं. फट सरकते, गडग्याखाली कळत नाही.

नव्या बेसबोर्डला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचं, आयएस ७१० चं प्लाय घ्या. एमडीएफ नको, कडा फुगतात त्या परत बसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये सहाही बाजूंना ऑइल प्राइमर आणि इनॅमलचे दोन हात. प्लायची कड सर्वांत जास्त पाणी पिते आणि नेमकी तीच रंगवायची राहते. वायरींसाठी पाडलेल्या भोकांच्या आतही ब्रश घाला. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे आजचा काळ दाखवणाऱ्याच्या बेसबोर्डला खांबांची डझनावारी भोकं असतात, आणि प्रत्येक कच्चं भोक ओलीला वाट देतं. खांब बसवताना भोकात सीलंटचा थेंब टाकून मग खांब दाबा.

सगळं करूनही एकाच कोपऱ्यात पांढरं येत राहिलं तर लेआउट सोडून भिंत बघा. पश्चिमेची किंवा दक्षिण-पश्चिमेची, पावसाचा मारा घेणारी भिंत असेल तर बेसबोर्ड तिच्यापासून १० सेंटीमीटर पुढे ओढा आणि मागची चौकट खालून उघडी ठेवा. भिंतीला टेकलेला आकाशाचा पुठ्ठा काढून त्या जागी पॉलिप्रोपिलीनचा कोरुगेटेड शीट लावा, त्याच्या नळ्या उभ्या येतील असा, म्हणजे भिंत आणि आकाश यांच्यामध्ये हवा वर चढती राहते.